पेपरमिंटचा गुण

४ मार्च, सकाळी
मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. चिमटा लावावा लागला, टाके पडले, पण ते डॉक्टरांचं खातं. माझं खातं आजपासून सुरू. खोलीत फिनेलचा वास आहे, तोही हलक्या प्रतीच्या. इतकी वर्षं स्वच्छतागृहांचे सुगंध विकतोय, माझ्या नाकाला कोणी फसवू शकत नाही. अरोमाथेरपीचं ऑनलाइन सर्टिफिकेट फ्रेम करून घेतलंय ते काही उगाच नाही.

४ मार्च, दुपारी
बायकोला लघवी होत नाहीये. लागल्यासारखं वाटतं, होत नाही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत झाली नाही तर नळी घालून काढू, साधी गोष्ट आहे. ज्याला त्याला नळी! ती नळीला घाबरते. माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, मी आहे ना.

बॅगेत पेपरमिंटचं तेल होतंच. कोर्सच्या सातव्या धड्यात स्पष्ट दिलंय: भांड्यात थेंब टाकायचे, वर बसायचं, वाफेने स्नायू सैल होतात. सिस्टर म्हणाल्या, टाका हवं तर, पण फार वाट बघायची नाही. वाक्याचा पहिला भाग महत्त्वाचा.

४ मार्च, संध्याकाळी
पहिला प्रयोग. निकाल: शेजारच्या खाटेवरची बाई दोनदा जाऊन आली. म्हणजे माल चांगला आहे, फक्त पत्ता चुकला.

दुसऱ्या प्रयोगाला थेंब वाढवले. मी बाथरूमच्या दाराशी उभा राहून धीर देत होतो. झाली का? नाही. आता? नाही. जरा पुढे वाक, आता? सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही खाली जाऊन चहा पिऊन या. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हे. गेलो नाही. फॉलो-अप सोडला की ऑर्डर हातची जाते.

४ मार्च, जेवणाआधी
झाली! स्वतःच्या कानाने ऐकलं. चांगली धार, बराच वेळ. बाहेर आली तेव्हा घामाने भिजलेली होती. म्हणाली, हो, झाली. सिस्टर नळीचा ट्रे परत घेऊन गेल्या. मापाच्या भांड्यात का नाही केली, असं कुरकुरत होत्या. मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? सासूबाई लेकीकडे टक लावून बघत होत्या. अभिनंदन कोणी केलं नाही. मीही अपेक्षा ठेवली नव्हती.

६ मार्च
घरी आलो. प्रश्न मिटला, इतका की आता थांबतच नाही. उठली की थेंब, खोकली की थेंब. चादरी वाळत घालायला दोरी पुरत नाही. तेलाचा गुण जरा जास्तच आला. उद्यापासून मात्रा कमी करणे.

एरिया मॅनेजरला फोन करून कल्पना सांगितली: प्रसूतिगृहांसाठी खास सुगंधमालिका. ते म्हणाले, आधी मार्चचं टार्गेट बघा. माणसाला दूरदृष्टी नसली की असं होतं.

७ मार्च
सासूबाई म्हणतात, पोट उतरत नाही, आत अजून एक राहिलंय की काय. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

माझ्या मते वायू. बडीशेपेचं तेल हलक्या हाताने चोळलं, तर ती ओरडली. बाळंतपणातसुद्धा ओरडली नव्हती. पोट वीट लागावी तसं घट्ट लागलं. वायू फार साठलाय. सासूबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ. मी म्हटलं, उद्या बघू, ते लोक काय, नळीच घालणार. त्यावर त्या अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्यांबद्दल काहीतरी बोलल्या. बाळंतिणीच्या खोलीत वाद नको म्हणून वाळलेल्या चादरी काढायला गेलो.

८ मार्च, हॉस्पिटलच्या बाकावर
सकाळी तिला उभं राहता येईना. अंगात ताप, ओठ पांढरे. सासूबाईंनी मला न विचारता गाडी बोलावली.

नळी घातली. पिशवी भरली. सिस्टरनी ती रिकामी केली, ती पुन्हा भरली. एरवी फार बोलतात, आज एक शब्द नाही. मला भीती वाटते आहे. कारण नसेलही, पण वाटते आहे.

८ मार्च, दुपारी
डॉक्टरबाई म्हणाल्या, मूत्राशय ताणून ताणून सैल पडलंय. थेंब गळत होते ते गुण आल्यामुळे नाही. घागर काठोकाठ भरली की सांडते, तसं ते होतं. मग त्यांनी विचारलं, पहिल्या दिवशी लघवी झाली असं कोणी सांगितलं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली.

"मीच. नळ सोडला होता."

डॉक्टरबाई गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही दाराशी उभे होतात. दर वेळी नाही म्हणायची लाज वाटायला लागली हो."

पूर्वीसारखं होईल का, असं मी बाहेर जाऊन डॉक्टरबाईंना विचारलं. म्हणाल्या, बहुतेक. वेळ लागेल. 'बहुतेक' हा शब्द मी गिऱ्हाइकांशी बोलताना रोज वापरतो. त्याचा अर्थ मला माहीत आहे.

१० मार्च
नळी दोन आठवडे राहणार, म्हणून पिशवीसकट तिला घरी आणलं. कोर्सवाल्यांना सविस्तर मेल लिहिली. सातव्या धड्यात नळाचा उल्लेख असायला हवा होता, बायकांचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा होता. लगेच उत्तर आलं. पुढच्या कोर्सवर सवलत आहे.

सासूबाईंनी सगळ्या बाटल्या गॅलरीत नेऊन ठेवल्या. बाळाला शिंका येतात म्हणे. फ्रेम मात्र भिंतीवर राहू दिली आहे. खिळ्याचं भोक वाईट दिसतं.

२३ मार्च, सकाळी
काल नळी काढली. आता घरी प्रत्येक वेळी भांड्यात करून माप बघायचं. झाली नाही, तर तिने स्वतः बारीक नळी घालून काढायची. सिस्टरनी शिकवलंय. शिकताना ती रडत होती, मला बाहेर बसवलं होतं.

नवे संकल्प. तेल बंद. दाराशी उभं राहायचं नाही. झाली का, असं विचारायचं नाही. अवघड काहीच नाही.

२३ मार्च, दुपारी
ती आत गेली. मी बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत बसलो. मग पॅसेजमध्ये फेऱ्या मारल्या, बाळासाठी. मग बाळ झोपलं, म्हणून एका जागी थांबलो. दाराशी नाही, दाराजवळ.

आतून पाण्याचा आवाज आला. चांगला, बराच वेळ. तिचा की नळाचा, मला ओळखता येईना. बाळाला छातीशी धरून मी श्वाससुद्धा न घेता उभा होतो.

आवाज थांबला. आतून ती म्हणाली, "हो, झाली."

मी काही विचारलं नव्हतं.