जावयासाठी ‘सॉरी’

३ मार्च, सोमवार
संकल्प: आजपासून इंग्रजी. एकच विशेषण, पण पक्कं. सॉरी.
यूनसल २९ तारखेला कॅनडाहून येतेय, नवऱ्याला घेऊन. जावई मी अजून पाहिलेला नाही. लेकीच्या लग्नाला गेलो नव्हतो. गुडघा दुखत होता. त्याच आठवड्यात सोराक्सानचा डोंगर चढलो हे खरं, पण उतरताना दुखलाच.
जावयाला, ब्रेंडनला, कोरियन येत नाही, म्हणून माफी मागायची राहिली. दुसरं काही कारण नाही.

५ मार्च
शिकवणीच्या प्योन बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, स्वतःची चूक नसली तरी सॉरी म्हणता येतं. कुणाचं माणूस गेलं, तरीसुद्धा. आमच्याकडे अशा घरी जाऊन ‘मिआनहे’, माफ करा, म्हटलं तर विचारतील, तुम्ही मारलंत की काय!
चूक कबूल न करता सॉरी. काय भाषा आहे! माझ्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर शीळ घालत होतो.

११ मार्च
यूनसलचा फोन. बायकोने, ओकरिमने, माझ्यापुढे धरला. मी हातानेच नको म्हटलं. ‘फॉर’ आणि ‘अबाउट’चा घोळ अजून सुटलेला नाही. ती म्हणाली, अहो, लेकीला कोरियन येतं. बायकोला व्याकरणाची कदर नाही.
जेवण गेलं नाही.

२० मार्च
गृहपाठ नाही. वहीवर किमचीचं पाणी सांडलं. (थोडंसंच.) प्योन बाईंनी विचारलं, सॉरी नक्की कुणाला म्हणायचंय? मी म्हटलं, गिऱ्हाइकांना. खोटं बोलताना कान तापले.

२८ मार्च
तयार. ‘आय ॲम सो सॉरी फॉर यू.’ आरशासमोर चाळीस वेळा. ‘सो’ मी स्वतःच्या मनाने घातला.

२९ मार्च, संध्याकाळी
इंचॉन विमानतळ. उंच पोरगा कमरेतून वाकला आणि अडखळत कोरियनमध्ये म्हणाला, बाबा, भेटायला फार उशीर केला, माफ करा.
पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं.
तो यूनसलकडे बघायला लागला. ती म्हणाली, बाबा, याचा अर्थ तुम्हाला त्याची कीव येते. का, माझ्याशी लग्न केलं म्हणून? तोंडाने हसत होती. डोळे नाही.
मग तिथेच उभी राहिली. वाट बघत. आता इंग्रजीची काही गरजच नव्हती.
मी म्हटलं, चला, गाडी फार लांब लावलीय.
गाडी समोरच होती.