बाबांचं बंद रान

बितुरीकाठ, ३ फेब्रुवारी

चि. एनोस यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या रानाच्या तोंडाशी नारळाची झावळी बांधून तू शिकार बंद केलीस आणि मोर्स्बी शहरात नोकरीवर निघून गेलास. झावळी वाळून कोळ झाली, तुझा पत्ता नाही. बंदी मुलानेच सोडायची, म्हणून गाव माझ्या तोंडाकडे बघतं. वारूकाका रोज टोमणा मारतात, की तुझ्या भावाला बापाचा दुखवटा फारच मानवलेला दिसतो.

एक मात्र झालं. संपल्या म्हणत होतो त्या बुटक्या वॉलबी परत आल्या. दिवसा गर्द झाडीत दडतात, ऊन उतरलं की कडेच्या गवतात चरतात. झाडी सोडून लांब जात नाहीत. चाहूल लागली की एखादी मागचा पाय आपटते आणि सगळ्या पसार. मला बघून हल्ली कोणी पाय आपटत नाही. तेवढीच सोबत. घर खायला उठतं रे. ये एकदा.

तुझी,
केझायाअक्का

मोर्स्बी, २० मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

रजा मिळाली! ईस्टरला येतो, महिनाभर राहतो, कंटाळशील मला. वॉलबींची बातमी इथल्या आपल्या गाववाल्यांना सांगितली, तर सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. तेही येताहेत, बंदुका घेऊन. पहिली वॉलबी बाबांच्या नावाने मी मारीन, मग गावजेवण. काकांना म्हणावं, आता तोंड आवरा. तू सागूच्या भाकरी भाजून ठेव.

तुझा,
एनोस

बितुरीकाठ, २ एप्रिल

चि. एनोस यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आनंदाने रडले. काकांना सांगायला लगेच निघालेही. वाटेत रानाच्या कडेला एक मादी चरत होती. पोटाच्या पिशवीतून पिल्लाने मान काढली आणि आई खात होती तेच गवत तिथूनच कुरतडू लागलं. एका वेळी एकच पिल्लू होतं रे त्यांना. बंदुकांपुढे हे रान एका सकाळीत रिकामं होईल. या परत आल्या त्या पलीकडच्या रानातून आल्या असतील. आता ते तोडून झालंय, पुन्हा कुठून येणार? मी तशीच घरी परतले.

तू आलास की बंदी सुटलीच, तिथे तुझं-माझं काही चालायचं नाही. म्हणून येऊ नकोस. रजा मिळाली नाही असं मी इथे सांगेन, तिथल्या गाववाल्यांना तूही तेच सांग. काका तुला शिव्या घालतील, त्यांच्यासमोर मीही घालीन. मनावर घेऊ नकोस.

तुला बघायला जीव तुटतो, एनोस. न राहवून मी पुन्हा कधीतरी लिहीन, की ये. तरी येऊ नकोस.

लोभ आहे, तो दुरूनच राहू दे.

तुझी,
अक्का