कडीले लटकवलेलं कुलूप

४ मार्च २००१
पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगलातल्या जुन्या लाकूड-गोदामावर कामाले लागलो. मोहफूल पडून राह्यलं, वास झकास. भद्रावतीत चाळीस वर्सं कुलपं दुरुस्त करून कंबर गेली. आता बसून पगार. जंगलखात्याचे साहेब म्हणे, इसरूभाऊ, रोज वहीत लिहाचं. चौथी शिकलो, जमन तसं लिहितो. राखाचं काय, त एक चिंपांझी. नाव गुलाब. सर्कशीतून सोडवली. आफ्रिकेत आईले गोळी घालून पिलू उचलते म्हणे, तसंच हिलेही आणलं. वीस तारखेले कोर्टाले जिवंत दाखवाची. मेली, त सर्कसवाल्यावरची केस खलास.

५ मार्च
दोन खोल्या, मधात सरकतं फाटक. गुलाबले मागच्या खोलीत घ्याचं, फाटक लावाचं, मंग पुढची खोली झाडाची. झाडतानी दाराचं कुलूप बाहेर कडीलेच लटकवतो, किल्ली त्यातच. कुलपाचं काम शिकवणारा उस्ताद सांगे, असं केलं त किल्ली हरवत नाई. गावातली सोनीबाई जेवण आणते. तोंड चालूच. म्हणे भाऊ, तुमच्याहून गुलाब समजदार, केळं आधी हुंगते. हिचा जोडीदार होता, कोणी टाकलेली केळी खाऊन मेला. ही दोन दिवस त्याच्यापाशी बसली. म्हटलं बाई, रडगाणं पुरे, भाजीत मीठ टाक.

९ मार्च
सर्कशीचा बिरजू जीपनं आला. जीप दिसाच्या आधीच गुलाब कोपऱ्यात. बिरजू म्हणे, चाचा, म्हातारपणी माकडाची चाकरी काऊन करता? म्हटलं, माकड त जीपीतून उतरलं. हासला. केळीचा फणा ठेवून गेला. मी बाहेर फेकला. गावच्या डुकरानं खाल्ला, दुपारी पाय वर. सोनीबाईच्या हातून साहेबाले चिठ्ठी देली. निरोप आला, गुलाबले न्याले गाडी वीसलेच येईन.

१३ मार्च
पुढची खोली झाडून राह्यलो होतो. जीप ऐकू आली नाई, दूर उभी केली असन. केळीचा फणा आत पडला, मागून दार धाडकन. माह्याच कुलपात माहीच किल्ली फिरली. बाहेरून बिरजू म्हणे, चाचा, नाश्ता ठेवला, दोघं वाटून खा. सोनीबाईले सांगतो, भाऊ भद्रावतीले गेले.
वही-पेन्सिल खिशात होती, म्हणून लिहून राह्यलो. दार पत्र्याचं. कुलूप बाहेर. चाळीस वर्सं लोकायची कुलपं उघडली मी.

१४ मार्च
ओरडून गळा बसला. सोनीबाई नाई. खिडकीच्या जाळीतून बोट जाते, केळं नाई, नाई त बाहेर फेकलं असतं. पाणी गुलाबच्या खोलीत. तिच्या भेवानं किती वेळ फाटकापाशी उभा राह्यलो. शेवटी सरकवलं. ती आली. मले शिवली नाई. केळी हुंगली, अन् त्यायच्यापुढं बसली.

१६ मार्च
केळी पिकली. वास डोक्यात जाते. एक खाल्लं त काय होते — हात नेला. तिनं मनगट धरलं. दात दाखवले. मनगट काळंनिळं.

१७ मार्च
आता ती केळीवरच बसते. तिच्या फासळ्या दिसून राह्यल्या. माह्याही. राखणदार कोण —

१८ — दुपार
जीप. ती कोपऱ्यात गेली नाई. माह्यापाशी सरकली.
बिरजू दुसऱ्या कोणाले म्हणते, दोघंही गेले असन, पाहून घे. नाई त बंदूक —
खोकला येऊन राह्यला. दाबला. परत —
कडी वाजली. किल्ली —
गुलाबनं माह्या तोंडावर हात ठेव