मी ओरडणाऱ्यातला बाप नाही

शनिवार, ४ जानेवारी. सकाळ.
नव्या वर्षाचा संकल्प: लेकीच्या फुटबॉल मॅचला गप्प उभं राहायचं. तसा मी ओरडत नाहीच. मार्गदर्शन करतो. ग्राऊंड मोठं आहे, आवाज पोचायला नको?

दुपार.
पहिला हाफ जवळजवळ गप्प होतो. मग रेफरीने ढळढळीत ऑफसाइड सोडला. त्याला एवढंच म्हणालो, की दुकानावर या, नंबर तपासून देतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. यात अपमान कसला? बाकीचे पालक हसले. माझी ठमी हसली नाही. अकरा वर्षांची आहे, विनोद कळायला वेळ लागतो. मॅच हरलो.

रविवार, ५ जानेवारी.
पूर्वी रविवार म्हणजे उशिरा उठणं, दोनदा चहा, जेवून ताणून देणं. आता बायको धाकट्याला घेऊन पोहायला, मी ठमीला घेऊन प्रॅक्टिसला. आम्हा नवराबायकोची भेट पूलच्या पार्किंगमध्ये. मी चिखलाचे बूट दिले, तिने ओले टॉवेल दिले. गाडी आणि स्कूटरच्या किल्ल्या बदलल्या. प्रेमाने विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणाली, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना?
संसार शिस्तीत चाललाय. फक्त झोप येते.

शनिवार, ११ जानेवारी.
मॅचआधी कोचने बाजूला घेतलं. अगदी अदबीने म्हणाला, तुम्ही जरा पार्किंगच्या बाजूला उभे राहाल का? माणसाची पारख आहे त्याला. तिथून सगळं ग्राऊंड दिसतं. मात्र लांब पडतं, त्यामुळे मार्गदर्शन जोरात करावं लागतं.
ठमीच्या पायाशी बॉल आला. गोल समोर. मी म्हटलं, मार! ती थांबली, वळून माझ्याकडे बघितलं, तेवढ्यात बॉल गेला. एकाग्रता कमी पडते. खाण्यापिण्याकडे लक्ष द्यायला हवं.
घरी येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. दमली असणार. मीही घसा बसल्यामुळे बोललो नाही.

बुधवार, १५ जानेवारी.
बायको म्हणाली, ठमी फुटबॉल सोडायचं म्हणतेय. म्हटलं, कंटाळली असेल. बायको म्हणाली, खेळाला नाही. आणि पोळीचा डबा लावून आत गेली. हिचं बोलणं नेहमी असं अर्धवट.
शेवटी ठमीलाच विचारलं. बुटाच्या नाडीची गाठ सोडवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बॉल आला की मला तुझाच आवाज येतो, बाबा. मग काही सुचत नाही."
गाठ मी सोडवून दिली.
निर्णय (माझा स्वतःचा, कुणी सांगितलेला नाही): शनिवारी गाडीत बसायचं. दुकानाच्या ऑर्डरी तुंबल्याच आहेत.

शनिवार, १८ जानेवारी. संध्याकाळ.
गाडीत बसलो. काचा वर. मग पाय आखडला म्हणून उतरलो. पाण्याच्या टाकीमागे सावली बरी होती, म्हणून तिथे उभा राहिलो. तिथून ग्राऊंड दिसतं हा योगायोग.
ठमीला बॉल मिळाला. मी रुमाल तोंडात कोंबला. ती कुणाकडे बघत नव्हती. समोरच्या पोरीला चकवलं आणि सरळ गोल. या सीझनचा तिचा पहिला. सगळे ओरडले. मी टाकीला टेकून उभा. रुमालाला भोक पडलं, कापड हलकं असेल.
मॅच संपायच्या आत गाडीत येऊन बसलो.
ती धावत आली. दार उघडायच्या आधीच बोलायला सुरुवात. म्हणाली, गोल मारला! मग म्हणाली, बरं झालं तू नव्हतास. पुढच्या शनिवारीही गाडीतच बसशील? म्हटलं, बसेन की.
मग घरापर्यंत अख्खी मॅच सांगितली. सिग्नलला हिरवा लागला तरी मी थांबलोच होतो, मागचे हॉर्न मारत होते. दोन पोरींना चकवून गोल मारला, म्हणाली.
एकच होती. मी नीट पाहिलं होतं.
म्हटलं, "दोघींना? काय सांगतेस!"