खोक्यावरचं बाळ

८ जानेवारी २०२५, बुधवार

दुधाच्या पावडरच्या खोक्यावर हसणारं बाळ! गोरंपान, गुबगुबीत, गालाला तीटसुद्धा नाही. खाली ठळक अक्षरांत – 'आईच्या दुधासारखंच'.

कायद्यानं अशा खोक्यावर बाळाचं चित्र चालत नाही. आईचंही नाही. आईच्या दुधाशी बरोबरी तर मुळीच नाही. उलट 'आईचं दूध सर्वांत उत्तम' हे मोठ्या अक्षरांत छापावं लागतं. नखानं स्टिकरचा कोपरा उचलून पाहिला – ते वाक्य खाली आहे. म्हणजे कंपनीनं नियमानं छापलं आणि कुणीतरी वरून हे थोबाड चिकटवलं.

बावड्याला आलेय, अप्पाकडे. माझ्या या धाकट्या भावाची परिस्थिती बिकट आहे. त्याची सून, लखनची बायको अनिता बाळंत झाली, सिझर झालं, टाके पिकले, ताप उतरेना. ती बारामतीला आयसीयूत. तान्ही मुलगी इथं, आजीजवळ – अप्पाच्या बायकोजवळ, द्वारकाजवळ. अनिताच्या औषधांमुळे डॉक्टरांनीच पावडर लिहून दिली, त्याबद्दल तक्रार नाही. दवाखान्यातून आणलेली संपली, म्हणून लखननं काल गावातल्या मेडिकलमधून ही दुसरी आणली. सगळं घर ते खोकं बघतंय, वाचत कुणीच नाही.

९ जानेवारी

मेडिकलवाल्या दादासोला जाब विचारला.

'बाई, एजन्सीचा मानूस चिकटवून जातो. आमी फकस्त इकतो.'

'त्यावर काय आहे ते पाहिलंत का?'

'बाळ हाय की. बाळाच्या दुधावर बाळच आसनार. म्हशीचा फोटू लावू का?'

दुकानातली दोन माणसं हसली. मी त्यांना विचारलं, तुम्हाला तुरुंगवासही हसण्यासारखा वाटतो का? मग कुणी हसलं नाही. दादासोनं फळीवरची उरलेली खोकी आत नेली आणि बाहेर येऊन म्हणाला, 'माल संपला.' माझ्या डोळ्यांदेखत संपला!

म्हणजे पुरावा आता एकच – आमच्या स्वयंपाकघरातलं खोकं.

१० जानेवारी

खोकं घेऊन बारामतीला परत आले. आतल्या कोऱ्या पुड्यातली पावडर द्वारकाला स्टीलच्या डब्यात ओतायला लावली. तिची कुरकुर झालीच. या बाईला कुरकुर केल्याशिवाय भाकरी थापता येत नाही. लखन मात्र समजूतदार. मी मागितलं, त्यानं एक शब्द न बोलता खोकं घडी करून पिशवीत घातलं.

१२ जानेवारी, रविवार

दिवसभर तक्रार लिहिली. इंग्रजीत. आमच्या सिस्टर ॲग्नेस जॅमच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा वर्गात मोठ्यानं वाचून घ्यायच्या. म्हणायच्या, छापलेलं काहीही न वाचता सोडू नका. जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण इतकं धारदार इंग्रजी माझ्या हातून बऱ्याच वर्षांत उतरलं नव्हतं.

मध्येच लखनचा फोन. घरात दोन चमचे झालेत म्हणे, जुन्या खोक्यातला आणि या नव्यातला. आई विचारतेय, कुठला घ्यायचा. म्हटलं, तक्रार लिहितेय रे, मग करते.

१३ जानेवारी

तक्रार आणि खोकं स्पीड पोस्टानं पुण्याच्या सरकारी ऑफिसला गेलं. फोटोवर भागवा, पोस्टातल्या मुलीचा सल्ला. मूळ वस्तू ती मूळ वस्तू.

१७ जानेवारी

अनिताचा ताप उतरला. आयसीयूतून वॉर्डात आणलंय. भाताची पेज घेऊन गेले. ओठांना साली निघाल्यात पोरीच्या.

'बाळ दूध पितंय ना, आत्या?'

'पितं की.'

मग तिला तक्रारीचं सांगितलं. ती ऐकत होती, पण लक्ष नव्हतं. शेवटी म्हणाली, 'तुमच्या मोबाइलमध्ये फोटो असंल ना बाळाचा?'

होता. खोक्यावरच्या बाळाचा.

२१ जानेवारी

बावडा. पुण्याहून फोन आला, तक्रारीची दखल घेतली आहे. अप्पाला सांगितलं. तो टोमॅटोचे क्रेट भरत होता, 'बरं झालं' म्हणाला आणि टेम्पोवाल्याला हाक मारली.

बाळ शांत. सारखं झोपून असतं.

'रडतबी न्हाय ओ आक्का,' द्वारका म्हणाली, 'लई गुणाचं हाय.'

मी म्हटलं, मग आजीवर गेलेलं नाही.

२४ जानेवारी

पहाटे बाळाला झटका आला. लखननं गाडीत घालून बारामतीला आणलं. आई वरच्या मजल्यावर, लेक खालच्या. अनिताला कुणी सांगायचं यावरून जिन्यात बापलेकांची बाचाबाची.

२५ जानेवारी

वजन जन्माच्या वेळेपेक्षाही कमी भरलं.

डॉक्टरीणबाईंनी द्वारकाला विचारलं, दूध कसं कालवता ते करून दाखवा. तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, चमचा काढला. दवाखान्यातल्या नर्सनं शिकवलं होतं तसंच केलं, पाण्याच्या मापासकट अगदी बिनचूक. पण चमचा जुन्या खोक्यातला. हाताला सवयीचा. ही पावडर हलकी, म्हणून तेवढ्याच पाण्याला तिचा चमचा जुन्याच्या दुप्पट आहे; तो डब्याच्या तळाशी पावडरीत रुतून पडला होता.

'आजी, म्हणजे पोरीला निम्मंच दूध मिळालं. बाकी पाणीच गेलंय पोटात,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 'ज्या खोक्यातली पावडर, त्यातलाच चमचा वापरायचा, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. कुठंय खोकं?'

'चुलीत घातलं,' द्वारका म्हणाली.

मी शेजारी उभी होते. लखनही होता. मला खोटं बोलावं लागलं नाही, ते तिनं बोलून टाकलं होतं. मी फक्त गप्प राहिले.

आता दहा तारखेचं बोलणं जसंच्या तसं आठवतंय. तेव्हा ते कुरकुर म्हणून मोजलं.

'आक्का, ऱ्हाऊ द्या की ते खोकं. कसं कालवायचं ते लिवलं आसंल त्यावर.'

'तुला वाचता येतं का?'

'मला न्हाय येत. लखनला येतंय की.'

आणि मी? मी ते खोकं चारही बाजूंनी वाचलं होतं. चमच्याचं वाक्यही वाचलं होतं. अक्षरं नियमाइतकी मोठी आहेत का, एवढंच पाहिलं आणि पुढे गेले. सिस्टरांनी वाचायला शिकवलं. कुणासाठी वाचायचं, हे मी शिकलेच नाही.

२८ जानेवारी

बाळ रडलं. चांगलं टाहो फोडून. वॉर्डातल्या सगळ्या बायका हसल्या.

२ फेब्रुवारी

मायलेकी घरी आल्या. मी सोबत गेले. द्वारकानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि बाळ घ्यायला हात पुढे केले.

'तुमी नका घेऊ, आई,' अनिता म्हणाली. आवाज चढवला नाही. बाळ लखनकडे दिलं.

अप्पा आलेल्या-गेलेल्याला सांगतो, 'हिच्यापायी नात जात व्हती.' द्वारका ऐकते आणि पावटा सोलत बसते. जिला मी कुरकुरणारी म्हणत आले ती बाई आठवडाभर एका शब्दानं बोललेली नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

मी चहा घेतला. गोड होता, छान झालाय म्हटलं.

५ फेब्रुवारी

पुण्याहून पत्र. एजन्सीवर कारवाई सुरू, तालुक्यातल्या दुकानांतून स्टिकर काढायला लावले. मला 'जागरूक नागरिक' म्हटलंय.

तक्रारीतलं एकही वाक्य चुकलेलं नव्हतं. आजही मी त्यातला शब्द बदलणार नाही. तो स्टिकर लबाडच होता, आणखी कुठल्या घरात कुणी त्या हसऱ्या तोंडाला भुललंही असेल. पण आमच्या घरात तो झटका स्टिकरनं आणला नाही. मी आणला. खोकं एक दिवस ठेवलं असतं, मागची बाजू मोठ्यानं वाचून दाखवली असती, तर काय बिघडलं असतं? लखनला उलट फोन करायला किती वेळ लागला असता?

ही बाई माझ्यासाठी शिव्या खातेय. माझी लाज राखतेय. हे आता सहन होत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. सगळ्यांसमोर, जेवणं झाल्यावर. द्वारका दारातून मान हलवत होती – नको, नको. मी थांबले नाही. खोकं मी मागितलं, लखननं दिलं. चमच्याचा फोन आला, मी तक्रार लिहीत होते. मग करते म्हणाले, केला नाही. द्वारकाचा यात काडीचा दोष नाही.

अप्पा उठून बाहेर गेला.

अनितानं एकच विचारलं. 'मग परत फोन का न्हाय केला?'

मी म्हटलं, विसरले गं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. लखनकडे बघत होती.

'रानात व्हतो,' तो म्हणाला. 'वाटलं, आत्या करत्याल.'

निघताना द्वारकाच्या पाया पडावंसं वाटलं. मोठी असून. ती भांडी घासत होती, तिनं वर पाहिलं नाही. परतताना एसटीत गाढ झोप लागली. कित्येक दिवसांनी.

११ फेब्रुवारी

सकाळी द्वारकाचा फोन. अनिता बाळाला घेऊन माहेरी गेली, लोणी भापकरला. 'दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर खोटं चाललं व्हतं आन् तुमी उभं ऱ्हाऊन ऐकलं,' एवढंच लखनला म्हणाली. परत यायचं बोलली नाही.

म्हटलं, मी आजच जाते, तिला समजावते.

'आता तुमी कुटं जाऊ नका, आक्का. मी गप बसले व्हते ते तुमच्यासाठी न्हवतं. लखनसाठी व्हतं.'