उसाच्या पोटातली खूण

इंदापूरच्या कोर्टापुढे लिंबाखाली बसणाऱ्या टंकलेखकाविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे, ती प्रथम नोंदवतो. ‘माझी प्रकृती अलीकडे वरचेवर बिघडते’ हे वाक्य घातल्याशिवाय तो मृत्युपत्राला हात लावत नाही. माझी प्रकृती ठणठणीत आहे असे सांगितले, तर म्हणाला, “मग आत्ताच कशाला लिहिताय?” सबब हा दस्त स्वहस्ते लिहीत आहे.

मी, दादासाहेब भीमा मारकड, वय चोपन्न, धंदा शेती आणि पुण्याच्या एका दैनिकाची वार्ताहरकी, राहणार बावडा, तालुका इंदापूर, शुद्धीवर असताना, कोणी धाक घातला म्हणून नव्हे की गळ घातली म्हणूनही नव्हे, पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. बापूसाहेब देवकाते यांनी दिला आहे. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला तो लागावा, हा कालमहिमा.

कलम १. राहते घर, विहिरीखालची जमीन आणि दोन म्हशी पत्नी सौ. कौसल्या हिला. तसे ते सगळे तिचेच होते, कागद आत्ता होतो आहे.

कलम २. माझ्या बावीस वर्षांच्या बातम्यांची कात्रणे दैनिकाच्या संपादकांना. बातमी इंदापूर तालुक्यातली आणि वर छापलेले गाव मात्र ‘बारामती’, हा त्यांचा शिरस्ता. आमचा बंधारा फुटला, तोही बारामतीत. त्यांनी सवडीने बसून प्रत्येक कात्रणावर शाईने ‘इंदापूर’ लिहावे. घाई नाही.

कलम ३. वडिलांची कान कातरायची कात्री पुतणी उत्कर्षा हिला. ती कै. संभाजी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. वडील मेंढरे राखायचे. आमच्या मेंढराच्या डाव्या कानाला खालून खाच आणि उजव्याचे टोक छाटलेले. दुसऱ्याच्या कळपात गेलेले मेंढरू कान बघून परत यायचे. मात्र ते कोणाच्या ज्वारीत शिरले, की त्याच कानावरून शेतकरीही आमच्या दारात यायचा. वडील म्हणायचे, “खूण केली की मेंढरू आपलं, आन् त्यानं खाल्लेलं बी आपलंच.” हे वाक्य पुढे कलम ५ मध्ये लागेल.

कलम ४. लोखंडी पेटीतली निळी वही, हीही उत्कर्षालाच. ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उसाच्या डीएनएमध्ये फेरफार करते. खोडकिड्याला नको वाटावा असा ऊस तिने केला आणि तो कोणी आपला म्हणून मिरवू नये, यासाठी त्याच्या डीएनएतच नाव लपवायचे ठरवले. त्या लिपीत अक्षरे चारच. पण तीन-तीनचा गट केला की चौसष्ट चिन्हे होतात, म्हणजे आपली वर्णमाला मावून वर जागा उरते. कोणत्या गटाला कोणता वर्ण, हा तक्ता तिने माझ्याकडून करून घेतला, तो या वहीत आहे. उसाच्या वाढीशी ज्याचा संबंध नाही अशा जागी मजकूर बसवला आणि दोन्ही टोकांना वेशीसारख्या खुणा ठेवल्या. त्या ठाऊक असतील त्यालाच आतले गाव सापडते. मी अनुष्टुभातला एक आख्खा श्लोक रचून दिला होता. तो वाचून ती म्हणाली, “काका, ऊस हाय तो, ताम्रपट न्हाय.” शेवटी दोनच शब्द घातले: उत्कर्षा, बावडा.

कलम ५. हा ऊस संस्थेने रीतसर परवानगीने माझ्या जमिनीवरच्या जाळीघरात लावला. किल्ली माझ्या हवाली. कापणीनंतर ऊस मोजून जाळायचा, कांड्याची एक टिपरीही बाहेर जाता कामा नये, असा नियम होता. गेल्या वर्षी जानेवारीत कापणीच्या आदल्या दिवशी पणदऱ्याहून मेव्हणे महिपती आले. ऊस बघून त्यांनी लावणीसाठी बेणं मागितले. आमच्याकडे पाहुण्याला जेवण एखादे वेळी चुकेल, बेण्याला कोणी नाही म्हणत नाही. मी संस्थेचे नाव पुढे केले. ते म्हणाले, “दाजी, बहिणीच्या रानातला ऊस हाय. तुमी काय संस्थेचं जावई झालात व्हय?” मी चार ऊस पोत्यात गुंडाळून दिले.

दुसऱ्या दिवशी मोजणीत चार कमी भरले. मी उत्कर्षाला सांगितले, उंदरांनी खाल्ले. तिने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. नोंदवहीत ‘उंदीर’ लिहिले आणि खाली स्वतःची सही केली. समस्त उंदरांची मी येथे माफी मागतो.

त्या चार उसांचे आज पणदऱ्यात दहा गुंठे झाले आहेत. दसऱ्यानंतर महिपती त्यातले बेणं लोणी देवकरच्या व्याह्यांना देणार होते. याच उसाला कीड का नाही, हे कधीतरी कोणीतरी विचारील, पान तपासायला नेईल. तक्त्याची मोहोरबंद प्रत संस्थेतही आहे. वेशीच्या आत नाव निघेल ते तिचे, माझे नव्हे. ऊस मीच दिला. तिला ते माहीत नव्हते आणि आजही नाही.

कलम ६. महिपती यांना काही देत नाही. त्यांनी आधीच नेले आहे. त्यामुळे ते साक्षीदार व्हायला पात्र ठरतात. कलम ५ मी त्यांना वाचून दाखवले.  ते म्हणाले, “दाजी, पणदऱ्याचा ऊस पेटवायला काडी मी लावतो. पर पोरीला तुमीच सांगा.”

इतर कलमे माझ्या मरणापर्यंत थांबतील. पाचवे थांबू शकत नाही, कारण डॉक्टरांच्या मते मला अजून वीस वर्षे काही होत नाही. म्हणून या दस्ताची नक्कल घेऊन मी उद्याच्या पहिल्या एस.टी.ने पुण्याला जात आहे. संस्था काय करील, दैनिक काय छापील, याची मला फारशी काळजी नाही. उत्कर्षा रागावली तरी चालेल. ती शांतपणे वाचील, जाळीघराची किल्ली मागून घेईल, यापुढे दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देईल आणि ते बरोबरच असेल. मला त्याची भीती वाटते.

ठिकाण: बावडा, तालुका इंदापूर
दिनांक: २७ सप्टेंबर १९९९

दादासाहेब भीमा मारकड (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. महिपती, राहणार पणदरे, तालुका बारामती (सही, मजकूर ऐकला, मान्य)
२. डॉ. बापूसाहेब देवकाते, राहणार बावडा (सही, प्रकृती उत्तम)