न पिणाऱ्याचं यकृत

अब्बा, काल माझी सोनोग्राफी झाली आणि तेव्हापासून माझं डोकंच चालेनासं झालंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यकृतात चरबी साठलीय, आणि ते आता थोडं निबर व्हायला लागलंय. मी म्हटलं, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा असेल, आमच्या घरात दारूच्या थेंबाला कुणी शिवलेलं नाही. त्या म्हणाल्या, न पिणाऱ्यांनाही होतं. गोडधोड, बैठं काम, सुटलेलं पोट, मधुमेह. घरात कुणाला होतं का? मला एकदम तुम्ही दिसलात.

मंडईमागच्या आपल्या टेलरिंगच्या दुकानात तुम्ही मशीनवर बसलेले आहात. गिऱ्हाईक आलं की चहा मागवायचा, आणि त्याला सोबत म्हणून तुम्हीही घ्यायचात, चांगला दाट गोड. दर ईदला स्वतःच्याच पँटची कंबर उसवून वाढवायचात आणि वर म्हणायचात, धंदा बरा चाललाय. मग एका वर्षी हातपाय काटकुळे झाले, पोट मात्र टरटरून फुगलं आणि डोळे पिवळे दिसायला लागले. मीच तुम्हाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटावर बोटं वाजवून पाहिली आणि मान वर न करताच विचारलं, "किती घेता?"

तुम्ही सावकाश शर्टाची बटणं लावलीत. "आपण विचारलंत, बरं केलंत," तुम्ही म्हणालात. "या वयात एवढंच ऐकायचं राहिलं होतं." आणि उठलात. पुन्हा कुठल्याच डॉक्टरची पायरी चढला नाहीत. लिव्हर हा शब्दसुद्धा घरात बंद झाला, कारण तो ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे बाटलीच येणार. मला त्या दिवशी तुमचा केवढा अभिमान वाटला होता.

काल बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. उजव्या बरगड्यांखाली हे बसलेलं असतं. आतड्यातून शोषलेलं बहुतेक सगळं रक्तावाटे आधी इथं येतं. साखर साठवायची, लागेल तशी सोडायची, पित्त तयार करायचं, विषारी ते निकामी करायचं, रक्त गोठवणारी द्रव्यं बनवायची, सगळं याच्याच माथी. कापून थोडं काढलं तरी ते पुन्हा वाढतं म्हणे. आणि एवढं बिघडलं तरी बहुतेक वेळा दुखत नाही. मी थक्क झालो. नुसती चरबी असते तोवर चालून, वजन उतरवून मागे फिरता येतं, पण आत वण पडून ते पार घट्ट झालं की अवघड.

मी विचारलं, पोट फुगल्यावर कुणी आलं तर? पूर्ण बरं होणं कठीण, त्या म्हणाल्या, पण पोटातलं पाणी काढता येतं, औषधं असतात, काही वर्षं मिळू शकतात.

काही वर्षं, अब्बा. माझ्या निकाहाला तुम्ही असता. विचारण्याची पद्धत वाईटच होती, पण तो प्रश्न सगळ्यांनाच विचारावा लागतो. मलाही विचारला. तुमच्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा चिडलोय, आणि चिडायला तुम्ही समोर नाही.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तर लिहिता आलं. संध्याकाळी बायकोनं विचारलं, काय निघालं? मी म्हणालो, ॲसिडिटी.